डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया: चिनू, मी आणि आरपीएस१९

आमच्या तीन महिन्यांच्या चिनूला पहिल्यांदा रक्त चढवायचं होतं त्या दुपारी मी नागपूरच्या रक्तपेढीत बदली रक्त द्यायला गेलो होतो. मे २०२२, नवतपा लागायचा होता पण ऊन असं की गाडीच्या सीटवर हात ठेवता येत नव्हता. तिथल्या पोरानं माझं बोट टोचलं, बारीक काचनळीत रक्त घेतलं अन एक थेंब निळ्या पाण्यात सोडला. ते मोरचुदाचं पाणी असतं. थेंब सरळ तळाला गेला म्हणजे हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, रक्त घेता येतं. माझा थेंब बोटभर खाली गेला, मधेच थांबला, तिथंच हलत राहिला अन हळूहळू वर येऊन तरंगायला लागला. त्यानं परत केलं, परत तेच. मग मशीनवर पाहिलं तर १२.१. "दादा, तुमचं नाही घेता येणार, जरा खात-पीत जा" म्हणाला. मी बाहेर येऊन मेहुण्याला फोन केला, तो वाडीहून अर्ध्या तासात आला, त्याचं घेतलं, काम झालं. त्या थेंबाचा विचार पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात आला नाही.

हे लिहून राहिलो कारण तेव्हा रात्री वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसून मोबाइलवर मराठीत शोधत होतो अन या आजाराबद्दल मला एक ओळ सापडली नव्हती. कोणी तरी आज तिथंच बसला असेल.

चिनू फेब्रुवारी २०२२ चा. नॉर्मल डिलिव्हरी, २.८ किलो, सगळं व्यवस्थित. आमची मोठी सई तेव्हा सहा वर्षांची. पहिला दीड महिना काही वाटलं नाही, मग एप्रिलमध्ये उमरेडहून आई आली, तिनं दारातून आत येऊन पोराला हातात घेतलं अन पहिलं वाक्य हेच, "पोरगं पांढरं फटक दिसून राह्यलं नं रे". आम्ही रोज पाहत होतो म्हणून आम्हाला दिसलंच नाही. गोरा आहे, रश्मीवर, म्हणजे माझ्या बायकोवर गेला, असं सगळे म्हणायचे अन आम्हीही खूश व्हायचो. दूध पिताना तो मधेच थांबायचा, कपाळावर घाम, श्वास जोरात, पुन्हा दोन घोट, पुन्हा थांबायचा. उन्हाळा आहे म्हणून आम्ही कूलरसमोर घेऊन बसायचो.

जवळच्या एका डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, आयर्नचे ड्रॉप दिले. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली नाही. आम्ही तीन आठवडे इमानदारीनं ड्रॉप दिले, पोराची शी काळी झाली, चेहरा अजून पांढरा झाला. मला आजही त्या तीन आठवड्यांचा राग येतो. तीन महिन्यांचं दूधपितं बाळ पांढरं पडलं तर आयर्न कमी हे कारण सगळ्यात शेवटी यायला पाहिजे, पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा साधारण चार-सहा महिने पुरतो, हे मला नंतर कळलं. साधी सीबीसी, दोन-तीनशे रुपयांत होते, ती पहिल्याच दिवशी मागा, डॉक्टरांनी लिहिली नाही तरी मागा.

शेवटी रश्मीनंच हट्ट केला अन लॅबमध्ये नेलं. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप करत नाही, आधी बाळाला कुठं तरी अ‍ॅडमिट करा म्हणाला. हिमोग्लोबिन ३.९.

धंतोलीत एका हॉस्पिटलला रात्री नऊला अ‍ॅडमिट केलं. जो येईल तो पहिला प्रश्न विचारायचा, घरात कोणाला सिकल आहे का. विदर्भात हे साहजिकच आहे, आपल्याकडे घराघरात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत आहे, लग्न जमवताना सुद्धा आता विचारतात. माझ्याही डोक्यात तेच. पण ड्युटीवर एक रेसिडेंट डॉक्टर मुलगी होती, फार तर सत्तावीस-अठ्ठावीसची, तिनं रिपोर्ट पाहून सांगितलं की काका, सिकलमध्ये रक्त तुटतं म्हणून शरीर नवीन पेशी जोरात बनवतं, तेव्हा रेटिक म्हणजे नवीन लाल पेशींचा आकडा वाढलेला असतो, याचा ०.२ आहे, म्हणजे तुटत नाहीये, बनतच नाहीये. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक, फक्त लाल नाहीत. अन ज्या थोड्या आहेत त्या मोठ्या आहेत, एमसीव्ही म्हणजे पेशीच्या आकाराचा आकडा १०६. आयर्न कमी असतं तर पेशी लहान झाल्या असत्या.

मग तिनं जे केलं त्याची किंमत आम्हाला दोन महिन्यांनी कळली. रक्त चढवण्याच्या आधी तिनं चिनूच्या दोन जास्तीच्या ट्यूब काढून ठेवल्या. इतक्या कमी रक्तातून अजून रक्त काढून राहिली म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती चिडली नाही, एकदा दुसऱ्याचं रक्त आत गेलं की त्याचं स्वतःचं नेमकं काय होतं ते कळायला मग महिने थांबावं लागतं, एवढंच म्हणाली. त्याच ट्यूबमधून पुढं सगळं निघालं. नंतर मी तिला शोधून माफी मागितली, ती तोवर दुसऱ्या शहरात गेली होती, फोनवर बोललो.

रक्त अगदी हळू दिलं, थोडं थोडं, चार-चार तास, कारण इतके दिवस पातळ रक्तावर धडधडत चाललेलं हृदय एकदम जास्त सहन करू शकत नाही. लहानशी पिशवी, शहाळ्याच्या पाण्याच्या पाऊचपेक्षाही लहान. पहाटे चारच्या सुमारास त्याचे ओठ गुलाबी झाले. मी अन रश्मी दोघंही काही न बोलता नुसतं पाहत होतो, आम्हाला तोपर्यंत आमच्या पोराच्या ओठांचा खरा रंग माहीतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रक्तविकाराच्या मॅडम आल्या. त्यांनी फाइल उघडायच्या आधी चिनूची मूठ उघडली अन अंगठा पाहिला. एक हात, मग दुसरा हात, अंगठ्याची पेरं बोटानं मोजली. मग तोंड उघडून टाळू पाहिली, स्टेथोस्कोप लावला. मला काही समजेना, रक्ताच्या डॉक्टर अंगठा काहून पाहून राहिल्या? त्यांच्या मनात तेव्हाच होतं. या आजाराच्या साधारण अर्ध्या मुलांत काही तरी जन्मजात वेगळेपण असतं, अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरं, फाटलेली टाळू, हृदयाला छिद्र, उंची कमी. चिनूचं सगळं बरोबर होतं. हृदयाची इको अन पोटाची सोनोग्राफीपण नॉर्मल आली.

पुढचे पंधरा दिवस एकेक नाव खोडण्यात गेले. लाल पेशी बनणं थांबवणारा विषाणू पार्वोव्हायरस बी१९, तो नाही. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासाठी, तोही रक्ताचा जन्मजात आजार, क्रोमोसोम तुटतात का ते पाहायची टेस्ट मुंबईला पाठवली, नॉर्मल. काही मुलांत लाल पेशी बनणं काही काळ बंद होतं अन आपोआप सुरू होतं, पण ते बहुतेक एक वर्षाच्या पुढच्या मुलांत. मग बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या जिथं रक्त बनतं त्या मगजाची, तपासणी केली. कंबरेच्या हाडातून सुईनं काढतात, भूल देतात, पण बाहेर उभं राहणं फार कठीण आहे. रिपोर्टमध्ये होतं की पांढऱ्या पेशींची पिलावळ भरपूर, प्लेटलेटवाल्या मोठ्या पेशी भरपूर, अन लाल पेशींच्या आधीच्या पेशी जवळपास नाहीतच.

मॅडमनी नाव सांगितलं, डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया, डीबीए. लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव, त्याच्याही दोन वर्षं आधी ह्यू जोसेफ्स यांनी अशी मुलं नोंदवली होती. दहा लाख जन्मांमागे पाच ते सात मुलं. मी विचारलं कशानं होतो, मॅडम म्हणाल्या बहुतेक रायबोसोमच्या एखाद्या प्रोटीनच्या जीनमध्ये चूक असते, जीन टेस्ट करू, मग नक्की बोलू. बावीस हजार रुपये लागले, ते पीएफमधून काढले. सॅम्पल ती रेसिडेंटनं ठेवलेली ट्यूब, रक्त चढवायच्या आधीची, त्यामुळे त्यात दुसऱ्या कोणाच्या पेशी मिसळल्या असतील ही शंकाच नव्हती.

साडेपाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. आठ पानं. मी ऑफिसमधून लवकर निघालो अन गाडी बाजूला लावून ती आठ पानं तिथंच वाचली, आकडे अन अक्षरं सोडून काही कळलं नाही. आरपीएस१९. हेटेरोझायगस. पॅथोजेनिक. प्रोटीनमध्ये ६२ व्या जागी आर्जिनिनच्या ऐवजी ट्रिप्टोफॅन.

मॅडमनी ते समजावून सांगायला पाऊण तास दिला, बाहेर पेशंट थांबले होते तरी. मला जसं समजलं तसं सांगतो.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाची यंत्रं असतात, लाखोंनी. जीनमध्ये लिहिलेली कृती वाचून प्रोटीन तयार करायचं हे त्यांचं काम. हिमोग्लोबिन, स्नायू, पचनाचे रस, जे काही प्रोटीन आहे ते सगळं इथंच बनतं. या यंत्राची रचना शोधल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात आपल्या चिदंबरममध्ये जन्मलेले, बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. माणसाच्या रायबोसोमचे दोन भाग, लहान आणि मोठा, लहानात ३३ प्रोटीन, मोठ्यात ४७, एकूण ८०, शिवाय आरएनएचे चार धागे. आरपीएस१९ म्हणजे लहान भागातलं एक प्रोटीन, अवघ्या १४५ अमिनो आम्लांचं. ते नसेल तर लहान भागाचा आरएनए नीट कापून तयार होत नाही अन तो भाग जुळतच नाही. त्याचा जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, आरपीएस१९ मधला १९ अन हा १९ योगायोगानं सारखा. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. चिनूची एक प्रत ठीक आहे, दुसरीत एक अक्षर बदललंय, सी च्या जागी टी, त्यामुळे त्या प्रतीचं प्रोटीन यंत्रात बसत नाही.

मी विचारलं, मॅडम एक प्रत चांगली आहे नं, मग? सिकलमध्ये तर एक चांगली असली की माणूस ठीक असतो, एएस म्हणतात त्याला, त्याला काही होत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं अन पंगतीचं उदाहरण दिलं. घरी दोन बर्नरची शेगडी आहे, एक बर्नर बंद पडला, चार माणसांचा स्वयंपाक होतो, जरा उशिरा होतो. पण त्याच दिवशी अंगणात हजार पानं वाढायची असतील तर? शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी म्हणजे घरचा स्वयंपाक. लाल पेशी म्हणजे पंगत. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नवीन लाल पेशी बनतात, प्रत्येकीला हिमोग्लोबिननं गच्च भरायचं असतं अन तेही थोड्या दिवसांत. तिथं अर्धं आरपीएस१९ पुरत नाही. सिकलमध्ये दुसरी प्रत चांगलं प्रोटीन बनवते तेवढं भागतं, इथं मालच अर्धा येतो अन अर्ध्यात भागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. लहान-मोठे भाग जुळवायचं काम अडलं की काही सुटे प्रोटीन नुसते फिरत राहतात, आरपीएल५ आणि आरपीएल११ त्यातले मुख्य. ते जाऊन एमडीएम२ नावाच्या प्रोटीनला धरतात, अन त्या एमडीएम२ चं रोजचं काम पी५३ ला दाबून ठेवायचं. पी५३ म्हणजे पेशीचा पहारेकरी, काही बिघडलं की पेशीला थांबवतो नाही तर मारून टाकतो, कॅन्सरपासून तोच वाचवतो. दाबणारा अडकला की पी५३ मोकळा सुटतो अन लाल पेशी होऊ घातलेली पिल्लं तिथंच, हाडाच्या आतच मरतात. म्हणजे चिनूच्या हाडात पेशी बनायची सुरुवात होत होती, त्या बाहेर येत नव्हत्या. का कोण जाणे, त्या दिवशी घरी येताना मला या मरणाऱ्या पेशींचंच जास्त वाईट वाटलं.

आरपीएस१९ हा या आजाराचा सापडलेला पहिला जीन, १९९९ मध्ये, स्वीडनमधल्या संशोधकांना. आधी एका मुलीत १९ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा एक्स क्रोमोसोमशी अदलाबदल झालेला दिसला, तिथून ते त्या जागेपर्यंत पोहोचले. रायबोसोमच्या प्रोटीनमध्ये चूक असू शकते अन तरी माणूस जन्माला येतो हे तेव्हा आश्चर्याचं वाटलं होतं, इतकी ती मूलभूत गोष्ट. आता असे वीसच्या वर जीन माहीत आहेत, तरी साधारण चौथा हिस्सा पेशंट आरपीएस१९ चेच. ज्यांच्या रिपोर्टमध्ये काही सापडत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, काही मुलांत अक्षर बदललेलं नसतं, जीनचा अख्खा तुकडाच गळालेला असतो, तो साध्या सिक्वेन्सिंगमध्ये निसटू शकतो, त्याची वेगळी टेस्ट आहे, डॉक्टरांना विचारा.

मग मॅडम म्हणाल्या, आता तुम्हा दोघांचं पाहू. अर्ध्याहून जास्त मुलांत ही चूक नव्यानंच झालेली असते, आईबापात नसते, पण पाहायला पाहिजे. अन सहज म्हणून विचारलं, दोघांपैकी कोणाला कधी रक्त कमी वगैरे?

तेव्हा मला तो थेंब आठवला.

मी सांगितलं. त्यांनी जुने रिपोर्ट आहेत का विचारलं, घरी जाऊन कंपनीच्या हेल्थ चेकअपच्या फाइली काढल्या. २०१६, हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही १०२. २०१९, १२.२ अन १०३. दोन्ही वेळा खाली लिहिलेलं, बी१२ घ्या. मी शाकाहारी, त्यामुळे बी१२ चं सगळ्यांना पटलं, मी गोळ्या खाल्ल्या, इंजेक्शनही घेतली, आकडा तसाच. चिनूसारख्याच मोठ्या पेशी माझ्या अंगात वर्षानुवर्षं फिरत होत्या अन कागदावर लिहूनही आलं होतं.

ऑगस्टमध्ये माझा रिपोर्ट आला. तेच अक्षर, तीच जागा. रश्मीचा निगेटिव्ह.

त्या आठवड्याबद्दल जास्त लिहीत नाही. मी जेवत नव्हतो. आई म्हणत होती आमच्या घराण्यात असं काही नाही, बाबा २०११ लाच गेले, आता त्यांचं तपासता येत नाही, आईनं टेस्टला नकार दिला, मोठ्या भावानंही दिला, मी आग्रह केला नाही. रश्मीनं एकदाच बोलून विषय संपवला, "तू काही मुद्दाम दिलं का? डोळे दिले, केस दिले, तसंच हे." पण मला एकच प्रश्न खात होता, तेच अक्षर माझ्यात आहे तर मी शाळेत कबड्डी खेळलो, अंबाझरीला सकाळी पाच-पाच किलोमीटर चाललो, अन याला दूध प्यायला ताकद नाही, असं कसं? मॅडमनी सरळ सांगितलं की याचं पूर्ण उत्तर कोणाकडे नाही. एकाच घरात तीच चूक असलेला एक जण आयुष्यभर रक्त घेतो अन दुसऱ्याला कळतही नाही, असं या आजारात दिसतं. बाकीचे जीन, गर्भातला काळ, कशाकशाचा हात असेल.

पहिलं वर्ष रक्तावरच काढायचं ठरलं. या आजारावरचं औषध म्हणजे स्टिरॉइड, पण ते लवकर दिलं तर वाढ खुंटते, लसींचाही प्रश्न येतो, म्हणून एक वर्षापर्यंत थांबतात. दर तीन-साडेतीन आठवड्यांनी डे-केअर. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त, रेडिएशन दिलेलं, फक्त ए-बी-ओ नाही तर बाकीचे गटही जुळवून. अन रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त थेट चिनूला द्यायचं नाही हे पक्कं सांगितलेलं, कारण पुढं ट्रान्सप्लांटची, म्हणजे दुसऱ्याची चांगली मॅरो बसवायची, वेळ आली तर शरीर आधीच घरच्यांच्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं. प्रेमापोटी घरचेच पुढं येतात, त्यांना थांबवावं लागतं. ते दुसऱ्या कोणासाठी देऊ शकतात, द्यावंच. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी त्या वर्षात एकदाही न सांगता रक्तदान केलं, ज्याचा नंबर तो जाऊन यायचा अन मला फक्त कार्डाचा फोटो पाठवायचा.

रक्तातून लोह येतं, ही दुसरी बाजू. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायचा रस्ता नाही, ते लिव्हरमध्ये, हृदयात साचतं. ज्या पोराला आम्ही आयर्न पाजत होतो त्याचं फेरिटिन, म्हणजे साचलेल्या लोहाचा आकडा, वर्षात १४०० वर गेलं. लोह काढायचं औषध दोन वर्षांचा झाल्यावर सुरू झालं, डेफेरासिरॉक्स, पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात विरघळवून उपाशीपोटी. संत्रं आहे तोवर ठीक, बहर संपला की पाण्यातलं पाजताना रोज सकाळी युद्ध.

जानेवारी २०२३ मध्ये मॅडम म्हणाल्या, स्टिरॉइड लागू पडेल न पडेल, सईचं एचएलए, म्हणजे मॅरो जुळते का ते पाहायची टेस्ट, करून ठेवू, सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून सॅम्पल घेतलं. अन जुळलं, पूर्ण. घरी आई रडली, सईनं शाळेत सांगून टाकलं की मी माझ्या भावाला माझं रक्त बनवायचं मशीन देणार आहे. मी मनातल्या मनात पुण्याला जायचं, सुट्टी किती, लोन किती, सगळं मांडून ठेवलं होतं.

मॅडम मात्र जुळल्याचा रिपोर्ट पाहून खूश झाल्या नाहीत. आधी तिची आरपीएस१९ ची टेस्ट, म्हणाल्या, जुळलं असलं तरी त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं मॅडम सई तर एकदम ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, तुम्हीपण ठणठणीतच आहात.

सईचं हिमोग्लोबिन ११.३ होतं, एमसीव्ही ९७. जीन रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. पॉझिटिव्ह.

प्रत्येक मुलाला अर्धी-अर्धी शक्यता असते, नाणं उडवल्यासारखी, अन आमच्याकडे दोन्हीदा तेच पडलं. तिची मॅरो चिनूला दिली असती तर तीच अडचण पुन्हा आत गेली असती, अन तीही त्याच्या अंगात कशी वागली असती सांगता येत नाही. असं न तपासता केलं तर काय होतं याचे अनुभव जगात आहेत म्हणूनच हा नियम आहे. मला हे सगळ्यात जास्त सांगायचं होतं या लिहिण्यातून. भावंड हसतं-खेळतं आहे, सीबीसी जवळपास नॉर्मल आहे, एचएलए पूर्ण जुळलंय, तरी जीन टेस्ट झाल्याशिवाय त्याला डोनर धरू नका. अन कुटुंबाचा जीन कोणता तेच माहीत नसेल तर भावंडात काय शोधणार, म्हणून ते बावीस हजार, ती ट्यूब, ते सगळं.

सईला सांगणं हे आठ पानांच्या रिपोर्टपेक्षा कठीण होतं. ती सात वर्षांची. रश्मीनं सांगितलं की तुझ्या मशीनमध्येपण तोच पार्ट थोडा ढिला आहे, बाबासारखा, म्हणून देता येणार नाही. ती बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, "मग चिनूला कोण देणार?" आम्ही म्हटलं शोधू. मॅरो डोनरच्या रजिस्ट्रीत नाव टाकून शोध सुरू आहे, रश्मीची अर्धी जुळणारी मॅरो हाही एक रस्ता आहे, पण त्यात धोका जास्त, आज तरी तिकडे जायचं नाही असं ठरलंय.

कारण मार्च २०२३ मध्ये स्टिरॉइड सुरू केलं. प्रेडनिसोलोन, किलोमागे २ मिलिग्रॅम, सकाळी. सुरुवातीला दहातल्या आठ मुलांना लागू पडतं असं सांगितलेलं, पण दोन आठवडे काहीच नाही. दर चार दिवसांनी रेटिक, ०.३, ०.२, ०.४. मी आकडा पाहायचंच सोडलं होतं. विसाव्या दिवशी लॅबचा मेसेज आला तेव्हा मी वर्धा रोडवर मेट्रोत होतो, उघडला, ३.८. मला वाटलं दशांश चुकला. लॅबला फोन केला, त्यांनी परत लावून पाहिलं, ३.८ च. जन्मल्यापासून पहिल्यांदा चिनूचं स्वतःचं रक्त बनून राहिलं होतं. मी उज्ज्वलनगरला उतरायचं ते एअरपोर्टपर्यंत गेलो.

गाल सुजले, भूक इतकी की रात्री उठून पोळी मागायचा, चिडचिड, बीपी रोज मोजायचं, कोणी खोकलं की त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं. मग डोस हळूहळू उतरवला, महिनोन्‌महिने लावून. आता किलोमागे ०.३ वर आहे, हिमोग्लोबिन ९ ते १० च्या मधे राहतं, मे २०२३ नंतर एकही पिशवी लागलेली नाही. हे असंच राहील याची खात्री नाही, काहींना पुन्हा रक्तावर जावं लागतं, पाचातल्या एकाला मोठं होईपर्यंत औषधाशिवायही चालायला लागतं. उंची वयापेक्षा कमी आहे. दर वर्षी हाडं, डोळे, हार्मोन तपासायचे.

अन आम्हा दोघांचं, माझं अन सईचं, तेही आता वर्षातून एकदा. या जीनच्या लोकांत ल्युकेमिया, आतड्याचा अन हाडाचा कॅन्सर यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेही पी५३ अन रायबोसोमशीच जोडलेलं असावं असं म्हणतात. मॅडमनी मला साफ सांगितलं, तुम्ही कॅरिअर म्हणजे नुसते वाहक नाही, तुम्ही सौम्य पेशंट आहात, पोटाची तक्रार अंगावर काढायची नाही. सई मोठी झाली की तिला गरोदरपणात काळजी घ्यावी लागेल, हिमोग्लोबिन एकदम उतरू शकतं, हे सांगायचं काम आमचं. तिची फाइल मी वेगळी केली, पहिल्या पानावर मराठीत सगळं लिहून ठेवलंय, कधी आम्ही नसलो तरी तिला कळावं म्हणून.

गेल्या महिन्यात तिघांचा नंबर एकाच सकाळी होता. खुर्चीत आधी मी बसतो हे ठरलेलं, चिनू माझ्या मांडीशी उभा राहून सुई जाताना पाहतो, मग सई, मग तो. तीन ट्यूब स्टँडमध्ये उभ्या, त्यावर एकच आडनाव. चिनूनं तिसरीकडं बोट दाखवून लॅबच्या दादाला बजावलं की ती माझी आहे, बाबाच्यात मिसळू नको.